लिंबाजी मिस्त्रींचे साडेदहा

"चोर लिंबाजीच आहे. नेतो कसा, तेवढं तुम्ही शोधा," आप्पा म्हणाले आणि चहाची बशी माझ्याकडे सरकवली.

नोकरीची ती माझी पहिली सकाळ, सोमवारची. उदगीरच्या एका तेल गिरणीत मी केमिस्ट म्हणून रुजू व्हायला आले होते आणि गिरणीचे मालक वीरभद्रप्पा हालकुडे, ज्यांना सारं गाव आप्पा म्हणायचं, मला चक्क हेरगिरी सांगत होते. साल चौऱ्याऐंशी. मी तेवीस वर्षांची, एम.एस्सी. करून ताजी ताजी आलेली. आपल्याला येत नाही असं काही जगात असू शकतं, ही शंका मला तोवर एकदाही आली नव्हती. त्यामुळे मी घाबरले वगैरे नाही, उलट खुर्ची पुढे ओढून घेतली.

आप्पांचं दुखणं असं होतं. शेंगदाण्याच्या कच्च्या तेलात थोडं आम्ल असतं. ते काढण्यासाठी तेलात कॉस्टिक सोड्याचं पाणी घालून ढवळतात. आम्लाचा साबण होतो, साबण तळाशी बसतो आणि वरचं स्वच्छ तेल काढून घेतात. गिरणीत एका वेळी पाच टनांची टाकी भरायची. आणि गेल्या दिवाळीपासून दर टाकीमागे दोन डबे तेल कमी भरत होतं. डबा म्हणजे पंधरा किलोचा, लहानसहान गोष्ट नव्हे.

"पाइप बघितले, टाक्या बघितल्या, वजनकाटा बदलला," आप्पा म्हणाले. "आता राहिला माणूस. टाकीला हात लावणारा माणूस एकच."

"किती वर्षं आहेत ते इथं?"

"सव्वीस. वडलांनी ठेवलेला आहे, म्हणून पोलिसात गेलो नाही. पण शनिवारी दुपारी सगळ्यांच्या देखत त्याला घरी घालवणार. त्याच्या आत काय ते मला कळायला पाहिजे. माणसाला चोर म्हणून घालवायचं तर पुरावा हवा."

मी म्हणाले, "शनिवार कशाला आप्पा, बुधवारीच सांगते."

लिंबाजी मिस्त्री साठीकडे झुकलेले होते. उंच, सडपातळ, अंगात खाकी सदरा, डोक्याला घट्ट बांधलेला पांढरा रुमाल. बोलणं मोजकं. पण गिरणीत त्यांचा दरारा असा, की ते आले की चकाट्या पिटणारे हमालसुद्धा गप्प व्हायचे. ढवळणीच्या पंख्याचा आवाज ऐकून ते लांबूनच "जरा हळू कर" म्हणायचे. टाकीतलं चमचाभर तेल चिमटीत चोळून साबण धरला की नाही ते सांगायचे, आणि ते कधी चुकलेलं मी पाहिलं नाही.

एक गोष्ट मात्र ते कुणाच्या देखत करत नसत. टाकी भरली की तिच्यातलं बाटलीभर तेल घेऊन ते टाक्यांमागच्या एका खोलीत जायचे आणि दार लोटून घ्यायचे. आत तेलातलं आम्ल मोजायचं. चंबूत तोलून घेतलेलं तेल, त्यात गरम स्पिरिट, वर फिनॉल्फ्थॅलिनचे चार थेंब. मग ब्युरेटमधून, म्हणजे आकडे कोरलेल्या चावीच्या काचनळीतून, कॉस्टिक थेंबथेंब सोडायचं. आम्ल संपलं की पुढच्या एका थेंबाला चंबू गुलाबी होतो. तोवर किती मिलिलिटर गेलं, तो आकडा. मिस्त्री बाहेर येऊन टाकीच्या पोटावर खडूनं तो आकडा लिहायचे, आणि कॉस्टिक सोडणारा गडी तक्त्यात बघून तेवढं लिटर कॉस्टिक सोडायचा. गिरणीत या आकड्यापुढे आप्पांचंही काही चालत नसे. सव्वीस वर्षांत तो कुणी पुसला नव्हता आणि कुणी पडताळूनही पाहिला नव्हता.

मी केमिस्ट. मी पडताळणार नाही तर कोण?

मंगळवारी मिस्त्री जेवायला बसले तेव्हा मी टाकीतून थोडं तेल काढून घेतलं आणि त्यांच्याच खोलीत, त्यांच्याच ब्युरेटनं मोजलं. आठ मिलिलिटरला चंबू गुलाबी झाला. पुन्हा मोजलं. पुन्हा आठ. बाहेर येऊन बघते तो टाकीवर खडूनं स्वच्छ लिहिलेलं होतं, साडेदहा.

बुधवारी दुसऱ्या टाकीचं तेच. माझं सात पॉइंट आठ, त्यांचं दहा पॉइंट तीन. मग मी कागद घेऊन बसले. आठ मिलिलिटर म्हणजे पाच टन तेलात ऐंशी किलो आम्ल. दोनशे ब्याऐंशी ग्रॅम आम्लाला चाळीस ग्रॅम कॉस्टिक लागतं, म्हणजे ऐंशी किलोला साडेअकराच्या आत. गिरणीचं कॉस्टिक लिटरला शंभर ग्रॅमचं. म्हणजे एकशे तेरा लिटर, वर गिरणीच्या रिवाजाप्रमाणे चाळीस लिटर जास्तीचं. झाले एकशे त्रेपन्न. साडेदहाच्या आकड्यानं मात्र एकशे नव्वदच्या घरात जायचं. हे छत्तीस-सदतीस लिटर वरचं कॉस्टिक टाकीत काय करणार? आम्ल संपल्यावर ते चांगल्या तेलावरच घसरणार आणि त्याचाही साबण करणार. किती तेल खाईल तेही काढलं. सव्वीस किलो, आणि साबणाला चिकटून तळाशी जाईल ते वेगळं.

दोन डबे.

मला इतका आनंद झाला की मी खोलीतल्या खोलीत टाळी वाजवली. तेल गिरणीच्या बाहेर जातच नव्हतं, ते साबणाच्या गाळात जात होतं. आणि तो गाळ दर आठवड्याला एक साबणवाला घेऊन जायचा. त्याच्याशी मिस्त्रींचं साटंलोटं असणार हे उघडच होतं. आकडा मुद्दाम चढवून लिहायचा, चांगलं तेल गाळात घालवायचं आणि मागाहून वाटून घ्यायचं. मी धावत पेढीत आप्पांच्या गादीपाशी गेले आणि त्यांना सगळं घडाघडा सांगितलं.

आप्पांना एकच गोष्ट पटेना. "तुम्ही म्हणता हे तेलातलं आम्ल सौम्य असतं. मग त्याला एकशे तेरा लिटर तरी कशाला? थोडक्यात भागायला पाहिजे."

"सौम्य म्हणजे थोडं नव्हे आप्पा," मी म्हणाले. "ते जिभेला झोंबणार नाही, हाताला चावणार नाही. पण कॉस्टिक मागेल ते पुरेपूर मागेल. एक ग्रॅमसुद्धा सोडणार नाही."

आप्पा बराच वेळ माझ्या कागदाकडे बघत राहिले. "म्हणजे लिंबाजी मुद्दाम करतो."

"सव्वीस वर्षांच्या माणसाला गुलाबी कधी झालं ते कळत नाही, असं तर होणार नाही ना?"

हे वाक्य मी म्हणाले. इतकी वर्षं झाली, नंतर तीन गिरण्यांची मुख्य केमिस्ट झाले, पण त्या वाक्याची आठवण झाली की अजून कानशिलं गरम होतात.

गुरुवारी मी त्या खोलीत गेले, ते केवळ मौज बघायला. पकडला गेलेला माणूस समोरासमोर कसा खोटं बोलतो ते मला बघायचं होतं. मिस्त्री स्टुलावर बसून तेल तोलत होते. दाराचा आवाज झाला तसं त्यांनी मान वळवली.

"कोन?"

"मी, तोडकर. तुमची पद्धत बघायला आले."

"बसा की," ते म्हणाले. "पद्धत कसली आलीय. तुमी शाळा शिकलेल्या, आमी बघून बघून शिकलेलं."

त्यांचा हात सुरेख होता. डाव्या हाताची बोटं ब्युरेटच्या चावीवर, उजव्या हातात चंबू आणि तो गोल गोल फिरतोय, एका लयीत. कॉलेजात आमच्या सरांचाही हात इतका सफाईचा नव्हता. सात झाले. साडेसात. आठाला चंबूत फिकट गुलाबी आलं आणि फिरवूनही गेलं नाही. मी मनात म्हणाले, आता बघू काय करतात.

मिस्त्रींनी चावी बंद केली नाही. साडेआठला चंबू बिटाच्या रसासारखा झाला. नऊ. साडेनऊ. ते चंबू पार नाकाशी नेऊन बघत होते आणि पुन्हा ब्युरेटखाली धरत होते. मी समोर बसलेली, माझ्या देखत एवढा धडधडीत खोटेपणा कुणी करत नाही. दहा झाले. साडेदहाला त्यांनी चावी फिरवली.

"आला," ते म्हणाले. "साडेदहा."

"काय आलं मिस्त्री?"

"रंग."

"कधी आला?"

"आत्ता. काय बघूलालाव बाई?"

मी उठले, दुसऱ्या चंबूत नुसतं तेल आणि स्पिरिट घेतलं आणि दोन्ही चंबू त्यांच्यापुढे ठेवले. एक पिवळट, एक भडक गुलाबी. "यातला रंग आलेला कुठला?"

त्यांनी एक उचलला, बल्बाकडे धरला. खाली ठेवला. दुसरा उचलला. पुन्हा पहिला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, आणि तेव्हा पहिल्यांदा मला त्यांचे डोळे दिसले. बाहुल्यांवर भुरकट साय धरली होती, दोन्ही डोळ्यांत. तीन दिवस मी या माणसाच्या खडूवर पाळत ठेवली होती आणि त्याच्या डोळ्यांकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

मिस्त्रींनी दोन्ही चंबू हळूच खाली ठेवले.

"बाई, दार लावा."

मी दार लावलं.

"काळी रेघ दिसती," ते म्हणाले. "ब्युरेटवरचा आकडा जवळ धरला की दिसतो. मानूस दिसतो. रंग तेवढा गेला. समदं कपातल्या च्यावानी दिसतं. लई गडद झालं की जरा सावली पडल्यावानी वाटतं, तवा मी आला म्हनतो."

"कधीपासून?"

"दिवाळीच्या अदुगर."

"अहो, मोतीबिंदू आहे हा. ऑपरेशननं बरा होतो."

"थोरल्या भावानं केलं की ऑपरेशन. होतं ते बी गेलं. आता ओसरीवर बसून असतोय. जेवायला वाढलं की सून सांगती, मामंजी, उजवीकडं भाजी हाय, डावीकडं भात हाय." ते थांबले. "मला ठावं हाय तुमी कशाला आलाव. समद्या गिरनीला ठावं हाय. चोर म्हनत्यात, म्हनू द्या. चोराला मानूस समजून शिव्या तर देत्यात. आंधळ्याला कुनी शिवी पन देत न्हाई."

मला कधी नव्हे ती माझी लाज वाटली, चांगली सणसणून वाटली. या माणसाला मी कालच साबणवाल्याचा भागीदार करून आले होते.

"मी आप्पांना डोळ्यांचं सांगणार नाही," मी म्हणाले. "पण चोर म्हणूनही तुम्हाला जाऊ देणार नाही. उद्याच्या टाकीचं तेल मी मोजते. आकडा मी तुमच्या कानात सांगेन, लिहा तुम्ही. बाकी सगळं तुमच्या हातचं."

"आनि शनवारी?"

"शनिवारचं माझ्यावर सोडा."

मला खात्री होती. लाज वाटून गेल्यावर अर्ध्या तासात माझा आत्मविश्वास पुन्हा जागेवर आला होता. त्या वयात तो फार वेळ बाहेर राहत नसे.

शुक्रवारी टाकी भरली. मी मोजलं, आठ पॉइंट दोन. मिस्त्रींनी खडू घेतला, टाकीजवळ तोंड नेलं आणि ठळक लिहिलं. गड्यानं दोनदा वाचलं. "मिस्त्री, आठ-दोनच? रोज तर दहाच्या पुढं असतंय."

"लिहिलेलं वाचता येतंय न्हवं? मग सोड."

एकशे छप्पन लिटर कॉस्टिक गेलं. मिस्त्री टाकीच्या शिडीवर उभे राहिले ते साबण धरेपर्यंत खाली उतरले नाहीत. पंख्याच्या आवाजाला कान, चिमटीत तेल. एकदा म्हणाले, वाफ कमी कर. एकदा म्हणाले, आता थांब, आता हात लावू नको. तिथं माझं गणित संपलं होतं. किती घालायचं ते मला येत होतं. ते कसं घालायचं ते त्या शिडीवरच्या माणसाला येत होतं, आणि त्यासाठी त्याला गुलाबी रंग दिसायची काही गरज नव्हती. टाकी निवळायला ठेवून आम्ही घरी गेलो.

शनिवारी सकाळी वजन झालं. आप्पा स्वतः काट्यापाशी उभे होते. तेल दोन डब्यांनी नव्हे, पुऱ्या अडीच डब्यांनी जास्त भरलं.

दुपारी आप्पांनी सगळ्यांना गादीपुढच्या अंगणात बोलावलं. हमाल, घाण्यावरची माणसं, कारकून, मिळून वीस-बावीस जण. कुणाला तरी आज घालवणार हे सगळ्यांना माहीत होतं, आणि कुणाला तेही. लिंबाजी मिस्त्री खांबाजवळ एकटेच उभे होते. त्यांच्याशेजारी कुणी उभं राहिलं नव्हतं. आप्पांच्या चेहऱ्यावर संताप नव्हता, गोंधळ होता.

"बाई," आप्पा म्हणाले, "बुधवारी तुम्ही मला एक सांगितलंत. काल नवीन काही केलं नाही, तेच मिस्त्री, तीच माणसं, आणि तेल पुरं भरलं. आता खरं काय ते सांगा."

मी पुढे झाले. रात्रभर जुळवून ठेवलेलं होतं.

"आप्पा, बुधवारी मी चुकले. गिरणीतून कुणी तेल नेत नव्हतं. ब्युरेटमध्ये जे कॉस्टिकचं द्रावण वापरतात ना, ते हवेत राहून राहून कमजोर होतं. कमजोर झालं की जास्त जातं. आठाच्या जागी साडेदहा. त्या आकड्यावर टाकीत जास्तीचं कॉस्टिक पडायचं आणि ते तेल खायचं. परवा मी बाटली बदलली. चूक बाटलीची होती, माणसाची नव्हती."

रसायनशास्त्राच्या पुस्तकात याला कुणी बोट लावू शकलं नसतं. द्रावण कमजोर होतंच; त्याच बाटलीतून मी आठ मोजले होते, एवढं मात्र मी गिळलं. आप्पांचा चेहरा सैल पडला. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. कुणीतरी हसलंही. माझ्या मनात आलं, झालं, निभावलं.

"बाटली चांगली होती," खांबाकडून आवाज आला.

मी मान वळवून त्यांना खुणावलं. पण माझी खूण त्यांना दिसणार कशी?

"आप्पा, ते द्रावन मी बनवलेलं हाय," लिंबाजी मिस्त्री म्हणाले. "बूच लावून, मेन लावून ठेवतोय. दर सोमवारी ताजं करतोय. सव्वीस वरसात माझ्या हातचं द्रावन कमजोर झालेलं न्हाई. बाई पोर हाय, माझ्यापायी लबाड बोलूलालीय. चूक बाटलीची न्हाई. माझे डोळे गेलेत."

अंगणातली माणसं खांबाकडे वळली.

"चोर म्हना, आंधळा म्हना," ते म्हणाले, "पर लिंबाजीला द्रावन करता येत न्हाई, असं ह्या गिरनीत कुनी म्हनायचं न्हाई."

मला रडू कोसळलं. बावीस माणसांसमोर, एम.एस्सी. होऊन. मी तोंड फिरवलं नाही, पदरही लावला नाही.

आप्पा गादीवरून उठले. त्यांना गुडघ्याचा त्रास होता, पायऱ्या उतरायला त्यांना वेळ लागला. ते खांबापाशी गेले, मिस्त्रींच्या समोर उभे राहिले आणि त्यांच्या डोळ्यांत बघितलं, नीट, जवळून. मग म्हणाले, "लिंबाजी, मला सांगायचंस रे."

"काय सांगू आप्पा?"

"तू चोर नाहीस." हे त्यांनी मोठ्यानं म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "माझंच चुकलं. डोळ्यांचं आपण लातूरला दाखवू. डॉक्टर मी बघतो, सोबत मी येतो. भावाचं झालं तसं होणार नाही. तोवर आकडा बाई काढतील. टाकी तुझीच."

मिस्त्रींनी रुमाल सोडून पुन्हा बांधला.

"ते समदं बगू," ते म्हणाले. "तेवढं फाटकावरच्या वॉचमनला सांगा आप्पा. दोन महिनं झाले, रोज सांच्याला माझा जेवनाचा डबा उघडून बगतोय. चार भाकरीच्या डब्यात तीस किलो तेल मावतंय का, ते त्याला इचारा."

कुणालाच हसू आलं नाही. झडतीचा हुकूम आप्पांचाच होता.

त्या संध्याकाळी पाचाचा भोंगा झाला, आणि आप्पांनी मिस्त्रींच्या हातातून तो डबा काढून घेतला. मिस्त्री नको नको म्हणत होते, आप्पांनी ऐकलं नाही. दोघं म्हातारे फाटकाकडे निघाले, एकाला नीट चालता येत नव्हतं आणि एकाला नीट दिसत नव्हतं. मी त्यांच्या मागं चालत होते. वॉचमन सवयीनं स्टुलावरून उठला, त्यानं डब्यासाठी हात पुढे केला, आणि डबा कुणाच्या हातात आहे ते बघून हात तसाच अर्ध्यावर ठेवला.

"घे की, उघड," आप्पा म्हणाले. "आज माझी झडती घे."

वॉचमननं खाली मान घातली आणि फाटक उघडलं.